माळ्यावरचे सर

स्टाफरूममध्ये आल्यावर सर लगेच बसत नसत. शर्टाच्या खिशातून पत्र्याची छोटी डबी काढायचे, चिमूटभर गोवरीची राख बोटांत धरायचे, ती हवेत सोडायचे आणि कुठं जाते ते बघत उभे राहायचे. राख खिडकीकडे गेली तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, दाराकडे आली तर दाराजवळच्या. पंखा चालू असेल तर आधी तो बंद करायला लावायचे. बाकीच्या शिक्षकांना याची सवय झाली होती. मी नवीन होतो. पहिल्याच दिवशी मी तो अंगारा समजलो आणि हात पुढे केला.

सरांनी अगदी गंभीरपणे माझ्या तळहातावर राख ठेवली. मी ती कपाळाला लावणार तेवढ्यात म्हणाले, "लावू नका. उडवा."

मी उडवली. ती सरळ इतिहासाच्या बाईंच्या डब्यात गेली.

त्या दिवसापासून आमची ओळख. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते आता निवृत्त झालेत आणि आपल्याबद्दल कुणी काही लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. शाळेत सरच सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की तेच.

अंथुर्णे गावाच्या बाजूला, कालव्याच्या अलीकडे त्यांची थोडी शेती होती. शाळेत ते विज्ञान शिकवत. आणि त्यांच्याकडे एक बंदूक होती. ती त्यांच्या वडिलांच्या वेळची, पिकाच्या राखणीसाठी परवाना घेऊन ठेवलेली. वडिलांमागे परवाना सरांच्या नावावर झाला. आमच्या भागात उसाचं रान वाढलं तशी रानडुकरंही वाढली. डोंगरात राहायची त्यांना गरजच उरली नाही. उसात सावली, पाटात पाणी, शेजारी मका. कुणाच्या मक्यात किंवा भुईमुगात फार नासधूस झाली की तो शेतकरी वनखात्याकडे अर्ज करायचा आणि परवानगी आली की सरांकडे यायचा. मग सर त्याच्या रानातलं एखादं लिंबाचं नाहीतर बाभळीचं झाड निवडून त्यावर माळा बांधायचे. माळा म्हणजे फांद्यांच्या बेचक्यात बांधलेल्या चार फळ्या आणि त्यावर पोतं. शाळा सुटली की सर जाऊन त्यावर बसायचे.

बसायच्या आधी दोन-तीन दिवस ते साबण लावत नसत. डोक्याला तेल नाही, डब्यात कांदा-लसूण नाही. माळ्यावर घालायचे कपडे त्यांनी गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगून ठेवलेले असत, म्हणजे कपड्यांना माणसाचा वास यायला नको. त्या दिवसांत वर्गातली पहिल्या बाकावरची मुलं आपणहून मागं सरकायची. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एकदा मला चहा देताना सांगितलं की घरात पाहुणे यायचे असले की मी आधी वनखात्याला फोन लावून विचारते, कुणाला परवानगी दिलीय का. सर शेजारीच बसलेले होते. ते हसलेही नाहीत. म्हणाले, "म्हशीला चालतो मी."

डुक्कर हा शब्द ते वापरत नसत. 'मंडळी' म्हणायचे. आज मंडळी खालच्या अंगानं येतील. मंडळींनी काल लोळायची जागा बदलली. मंडळींमध्ये एक नवीन आहे, त्याला अजून रीत माहीत नाही. अनोळखी माणसाला वाटायचं, सर एखाद्या लग्नाची बोलणी करतायत.

गावात मात्र त्यांची चेष्टा व्हायची. कारण सर माळ्यावर बसायचे खूप आणि बंदूक चालवायचे फारच क्वचित. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. तिथला हवालदार म्हणे ती हातात घेऊन म्हणायचा, सर, हिला निदान आमच्याकडं तरी काम द्या. चहाच्या टपरीवर एक जण ठरलेलं वाक्य म्हणायचा की सरांच्या माळ्याखाली डुकरीण बाळंत होती, एवढी तिला निर्धास्ती. शेतकरी बंदूक मागायला जायचे आणि त्यांना सल्ला मिळायचा. मंडळी अमुक खिंडारातनं आत येतात, तिथं काटं टाका. तमुक कोपऱ्यातली मका आधी कापा. पुष्कळदा त्या सल्ल्यानं काम भागायचं. पण सल्ल्यानं काम भागलं की ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"नुसतं मारायचं असतं तर झाडावर कशाला चढायचं?" ते म्हणायचे. "झाडावर चढायचं ते बघायला."

बघणं हा त्यांचा धर्मच होता. आठवीच्या वर्गात ते कधी कधी मागच्या भिंतीला टेकून उभे राहत आणि बराच वेळ काही बोलत नसत. मी एकदा विचारलं की या वेळात तुम्ही नेमकं काय बघता. त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही नव्या शिक्षकांना सांगतो. समोरचा काय करतोय ते कुणालाही दिसतं, ते म्हणाले. तो काय करायचा थांबला, ते आधी बघायचं. त्याच आठवड्यात त्यांनी एका मुलीच्या घरी निरोप पाठवून तिला इंदापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला लावलं. ती फळ्यावरचं उतरवून घ्यायची थांबली होती आणि शेजारणीच्या वहीतून लिहीत होती. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. मला वाटत होतं, त्या दोघींची मैत्री वाढलीय.

माझ्याबाबतीतही त्यांनी तेच केलं. माझे वडील मेंढरं राखायचे. मेंढरं विकून थोडी जमीन घेतली तेव्हा मी सहावीत होतो. घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. शाळेत रुजू झालो तेव्हा मला विषय येत होता, पण बोलायची भीती वाटायची. एका सभेत माझ्या तोंडून 'न्हाय' गेलं आणि एक-दोघं हसली. वाईट हेतूनं नसतील हसली. पण त्यानंतर मी सभेत तोंड उघडायचं बंद केलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा येऊनही कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या सभेत सरांना विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल द्यायचा होता. सर वर्गात इतकं स्वच्छ बोलायचे की मुलं त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायची. त्या दिवशी त्यांनी सगळा अहवाल गावच्या बोलीत दिला. आपल्या पोरांनी पाण्याचा पंप केला हाय, तो चालत न्हाय, पन का चालत न्हाय ते त्यांना समजलंय, म्हंजी प्रदर्शन झालं. मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले. कुणी हसलं नाही. सर बसले, डबी काढली, राख उडवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तुमी बोला."

मी बोललो. तेव्हापासून बोलतोच आहे.

ते मला माळ्यावर न्यायला लागले ते त्यानंतर. वर चढण्याआधी मोबाईल बंद करायचा. वर गेल्यावर खोकायचं नाही, खाजवायचं नाही, बोलायचं तर वाऱ्यापेक्षा हळू. डुकराला लांबचं फार दिसत नाही, पण त्याचं नाक आणि कान यांना तोड नाही, आणि वर बघायची त्याला सवय नसते, म्हणून झाड. पण झाडावर बसलं तरी वास खाली उतरतोच, म्हणून आधी वारा. सूर्य कलला की हवा थंड होऊन उताराला लागते आणि दुपारी ज्या झाडावर बसणं बरोबर होतं तेच झाड संध्याकाळी चुकतं. हे सगळं ते मला कुजबुजत सांगायचे. मग गप्प व्हायचे आणि पापणीही हलवत नसत. मेंढरांमागं वाढलेला मी, मला एका जागी उभं राहायची सवय होती. पण सरांच्या शेजारी मी म्हणजे वाऱ्यातलं पान वाटायचो.

कळप पुढं येतो तो एका जुन्या मादीमागं. सर तिला म्हातारी म्हणत. ती उसाच्या कडेला थांबते, नाक वर करते, आणि तिचं समाधान होईपर्यंत मागचं एकही पिल्लू बाहेर पडत नाही. लोक नेमकं तिलाच मारा म्हणतात, कारण ती सगळ्यांत मोठी. सरांचं म्हणणं वेगळं होतं. म्हातारी गेली की बाकीच्यांना वाट सांगणारं कुणी राहत नाही, मग ती चार दिशांना फुटतात आणि एकाच्या रानात होणारं नुकसान चौघांच्या रानात होतं. हे सांगून सांगून ते थकले होते. ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, व्हय, पन ती मोठी तेवढी मारा.

आता तात्यांची गोष्ट.

तात्या सरांच्या बांधाला बांध असलेले शेजारी. वयानं सरांपेक्षा थोडे मोठे. तापट, पण कामाला वाघ. त्यांच्या गोठ्यात संकरित गाई होत्या आणि उन्हाळ्याच्या मुरघासासाठी, म्हणजे मुरवून ठेवायच्या चाऱ्यासाठी, त्यांनी मका केली होती. माघ लागला, कणसातले दाणे दुधात आले आणि मंडळी यायला लागली. एका बाजूनं ऊस, त्यात त्यांचा मुक्काम. मक्याच्या मधोमध त्यांनी लोळून-तुडवून अंगणाएवढी जागा मोकळी करून टाकली. तात्यांनी परवानगी आणली. सर दक्षिणेकडच्या बांधावरच्या लिंबावर बसायला लागले. पहिले काही दिवस त्यांनी सल्ले दिले. खिंडार बुजवलं, मंडळींनी दुसरं पाडलं. तेही बुजवलं, तिसरं पाडलं. रोज सकाळी तात्या मक्याची मोडलेली ताटं घेऊन सरांच्या दारात टाकायचे आणि काही न बोलता जायचे.

मग एके दिवशी ते बोलले. मी तिथंच होतो. तात्या म्हणाले, तुमचं बघून झालं असंल तर सांगा. उद्यापासून मी उत्तरंच्या बांधाला तार वढतो आन पाण्याच्या मोटारीच्या पेटीतनं करंट सोडतो.

असं करणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कुणी ना कुणी करतं आणि मग कधीतरी सकाळी डुकराऐवजी दुसरंच कुणीतरी त्या तारेला सापडतं. तात्यांचा उत्तरेचा बांध म्हणजे पायवाटच होती. वस्तीवरच्या बायका गवताला त्याच बांधावरून जायच्या. सरांची सूनही जायची. तात्यांची स्वतःची पुतणी जायची. सरांनी हे सांगितलं. तात्या म्हणाले, मी सगळ्यांना सांगून ठेवीन, दिवसा बंद असंल. सर म्हणाले, बंद करायचं इसरला तर?

सर म्हणाले, "आजचा दिस द्या. आज मी मारतो. तुमची मोठी मारतो."

"बघू," तात्या म्हणाले. तो सूर ऐकून मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. सरांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी फक्त एवढं बजावलं की दिवस मावळायच्या आधीपासून कुणीही मक्यात जायचं नाही. तात्या बरं म्हणाले.

माळ्यावर चढताना सर नेहमीसारखे नव्हते. वर बसल्यावर त्यांनी राख उडवली. वारा उत्तरेकडून आमच्याकडे होता. उत्तरेचा बांध, मधली तुडवलेली जागा आणि आमचं लिंब, सगळं एका रेषेत. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतो, त्यामुळे आमचा वास मंडळींपर्यंत पोचण्याचा प्रश्न नव्हता. जागा उत्तम होती. सर कुजबुजले, "आज म्हातारीच घ्यावी लागनार. चुकीचं हाय ते. पन तार पडली तर त्याच्यापेक्षा वाईट व्हईल." मग त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि गप्प झाले.

दिवस बुडाला, पण उजेड होता. आधी उसातलं वाळलं पाचट वाजलं. मग थांबलं. मग मक्याची ताटं एका ओळीत हलत आली आणि म्हातारी मोकळ्या जागेच्या कडेला येऊन उभी राहिली. मी तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. पाठीवर चिखल वाळलेला, एक कान फाटका. तिनं नाक फिरवलं, पुढं आली आणि एक पडलेलं कणीस चावायला लागली. मागं पिल्लांची चुळबुळ सुरू झाली. सरांनी बंदूक खांद्याला लावली. ती आडवी उभी होती. मी श्वास धरला.

ती चावायची थांबली.

अर्धं कणीस तोंडात तसंच. तिनं मान वर केली, अंग वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून उत्तरेकडे तोंड केलं. हलेना. मला वाटलं, आता. यापेक्षा चांगली संधी येणार नाही. मी सरांकडे बघितलं. त्यांचं बोट चापावर होतं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यांनी बोट काढलं. बंदुकीची नळी हळूहळू वर, आभाळाकडे केली. आणि माळ्यावर आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेला तो माणूस अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला.

"मक्यात कोन हाय?"

म्हातारी फुस्स करून उडाली. पिल्लं, ताटं, धूळ, सगळं एकदम उसाकडे गेलं. मग काही नाही. फक्त लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

उत्तरेच्या अंगाला, म्हातारी उभी होती त्याच्या बरोबर मागं, मका हलली. तात्या बाहेर आले. एका खांद्यावर तारेचं वेटोळं, काखेत बांबूच्या खुंट्या.

"मी हाय," ते म्हणाले. आणि मग चिडून, "घालवली ना? बोंबलून घालवली. समोर हुबी असंल तुमच्या, आन तुमी बोंबललात."

मीच वरून विचारलं की तात्या, आत यायचं नाही असं ठरलं होतं ना, मग आत कशाला गेलात. तात्या तुडवलेल्या जागेतून चालत झाडाकडे येत होते. हातवारे करत म्हणाले, उजेड हाय तवर बांधाच्या आतल्या अंगानं खुंट्या ठोकून घ्याव्या म्हनलं. उद्यावर कशाला ढकलायचं?

"आन मास्तर कवा मारत्यात?" ते म्हणाले. "अख्ख्या गावाला ठावं हाय. मास्तर नुसतं बघत्यात. म्हनून तर बिनघोर आत गेलो."

सर म्हणाले, "आज मारनार हुतो, तात्या."

तात्या चालता चालता थांबले. त्यांनी वर आमच्याकडे बघितलं. मग वळून, म्हातारी जिथं उभी होती तिकडं बघितलं. मग त्याच्या मागं, जिथून ते स्वतः बाहेर आले होते त्या हललेल्या ताटांकडे. पुन्हा आमच्याकडे. ती रेषा त्यांनी डोळ्यांनी दोनदा चाळली. खुंट्या काखेतून एक एक करून खाली पडल्या, त्यांना कळलंही नाही.

"वारा तुमच्याकडनं तिच्याकडं हुता," सर म्हणाले. ते अगदी हळू बोलत होते, वर्गात अवघड भाग समजावताना बोलायचे तसं. "तिला आमचा वास येनं शक्यच न्हवतं. तरी ती खायची थांबली. म्हनून मी थांबलो. बंदूक माझ्या हातात हुती, म्हनून थांबली. ती तार कुनाच्या हातात असनार हाय?"

तात्यांनी खांद्यावरचं वेटोळं काढून जमिनीवर ठेवलं. ठेवताना असं ठेवलं की जणू त्यात आत्ताच करंट आहे.

मी बंदुकीतून काडतूस काढून घेतलं. बंदूक पाठीला अडकवून मी आधी उतरलो. सर वरच बसून राहिले. उतरायचा प्रयत्न केला, एक पाय शिडीवर ठेवला आणि तो पाय इतका थरथरायला लागला की त्यांनी तो परत वर घेतला. मी पुन्हा वर जाणार होतो. तात्यांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. धोतराचा सोगा खोचला, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, सरांचं पाऊल हातात घेतलं आणि खालच्या पायरीवर नेऊन टेकवलं. मग दुसरं. हात काही क्षण तसाच पावलावर दाबून धरला.

"सावकाश या, मास्तर," ते म्हणाले. "मी धरलंय."